उभे सर

आमच्या सरांना विद्यापीठात सगळे ‘उभे सर’ म्हणत. ते त्यांचं आडनाव नव्हतं. लेझरच्या खोलीत ते स्वतः बसत नसत आणि दुसऱ्यालाही बसू देत नसत. टेबलावरून जाणारा किरण बसलेल्या माणसाच्या नेमका डोळ्यांच्या उंचीला यायचा, आणि तो दिसायचा नाही. “दिसत नाय म्हंजे नाय, असं समजू नको,” हे मला पहिल्याच दिवशी ऐकावं लागलं.

आम्ही जेवणाच्या डब्याएवढा लेझर बनवत होतो. प्रकाशाच्या त्याच्या अतिसूक्ष्म काळ टिकणाऱ्या स्पंदांनी रुग्णाच्या गाठीचा तुकडा न रंगवता, लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येणार होता. “रिपोर्ट येईपर्यंत माणूस अर्धा होतो,” सर म्हणत. गावी, सोयगावला, स्वतःच्या आईच्या आजारपणात त्यांनी ते पाहिलं होतं.

एका दुपारी स्पंद सारखे तुटत होते. वैतागून मी चकचकीत पाना घेऊन किरणाच्या वाटेत हात घातला. त्याच क्षणी सरांनी मीटरवरचा आकडा वाचायला संरक्षक चष्मा कपाळावर सरकवला होता. पान्यावर आपटून किरण थेट त्यांच्या डोळ्यात गेला. ते ओरडले नाहीत. “आधी लेझर बंद कर,” म्हणाले. मग एकेक डोळा झाकून भिंतीकडं पाहत राहिले. “डाव्या डोळ्यात मधोमध डाग आहे. रिक्षा बोलव.”

डाग गेला नाही. जाणारही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

चौथ्या दिवशी सर आले आणि अपघाताचा अहवाल मला लिहायला लावला. मी ‘चुकून’ लिहिलं, ते त्यांनी खोडलं. “पान्याचं लिही. माझ्या चष्म्याचंही लिही. कुणाला सोडू नको.” त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलत. मी रोज जात राहिले. पण माफीचा शब्द काही तोंडातून फुटेना.

लेझरची रचना मात्र त्यांनी बदलली. प्रकाश आता काचेच्या तंतूतूनच फिरायचा, उघड्यावर येतच नसे. दोन वर्षांनी तो डबा मांडीवर घेऊन आम्ही रुग्णालयात गेलो. पडद्यावर पेशींची वीण स्वच्छ उमटली. तिथल्या डॉक्टरबाईंनी लगेच दुसरा तुकडा मागवला.

पुढच्या महिन्यात सर निवृत्त होऊन सोयगावला निघाले. बसस्थानकावर त्यांची पिशवी देताना मी म्हटलं, “सर, तुमचा डोळा माझ्यामुळं गेला. मला माफ करा.”

त्यांनी पिशवी खांद्याला लावली. “राग होता, पोरी. लई होता. तू कधी बोलतीस, याची वाट बघत होतो.”

बस लागली. पायरीवर चढून ते वळले.

“गावाकडं ये एकदा,” म्हणाले. “आता तुला घरी बोलावता येईल.”