चौथा की सहावा

सरांची खापरं संगणकावर चढवायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी फक्त पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. चार-पाच विद्यापीठांनी मिळून उत्खननातल्या खापरांचा एक सामाईक डेटाबेस करायचा ठरवला होता. प्रत्येक तुकड्याचा फोटो, रंग, जाडी आणि तो जमिनीच्या कुठल्या थरात सापडला, हे सगळं एका जागी. म्हणजे बनारसचं खापर पुण्यात बसून बघता येईल. आमच्या विभागाच्या कोठारात सर्वांत जास्त ट्रे सरांचे होते. मला हे काम त्यांनीच शिकवलं. त्यांना निवृत्त होऊन वीस वर्षं झाली आणि ते राहतात बनारसच्या आमच्याच दूधविनायक मोहल्ल्यात, दोन गल्ल्या पलीकडे.

त्यांच्या उत्खननाचा अहवाल कधी निघालाच नाही. थर वरून मोजतात. जितका खालचा, तितका जुना. काळ्या चकाकीची भांडी आपल्याला सहाव्या थरातही मिळाली, असं सर आयुष्यभर सांगत आले. बाकीचे विद्वान म्हणायचे, ती चौथ्यापासूनच सुरू होतात, सहाव्यातली सरांच्या मनातली. पुरावा काय तो एका ट्रेमध्ये होता. बेचाळीस तुकडे, काही चौथ्यातले, काही सहाव्यातले, दिसायला सख्ख्या भावंडांसारखे. प्रत्येकाच्या मागे सरांनी काळ्या शाईनं मुंगीएवढ्या अक्षरांत थर लिहिलेला.

भाजीच्या ठेल्यावर भेटले की विचारायचे, "काय गं, माझा सहावा चढला का वर? मी वर जायच्या आधी चढव म्हणजे झालं."

"पुढच्या हफ्त्यात, सर," मी म्हणायची.

मग एक दिवस डेटाबेसच्या दुसऱ्या शहरातल्या समन्वयक बाईंचा फोन आला. आमचे फोटो मळकट येतात म्हणाल्या. त्यांच्याकडचे मी पाहिले होते, खापरं कशी नुकत्याच घासलेल्या भांड्यांसारखी लखलखीत. मला झोंबलं. मी स्वभावानं नाकावर माशी बसू न देणारी आहेच. दुसऱ्या दिवशी टब भरला, दातांचा ब्रश घेतला आणि सरांचा तो ट्रे धुवायला बसले.

खापर आधी धुवायचं, मग त्यावर लिहायचं आणि अक्षरांवर बिनरंगी नेलपॉलिशचा हात मारायचा, ही आमची रीत. त्यामुळे पुन्हा धुतलं तरी अक्षर टिकतं. हजारो खापरं मी अशी धुतली आहेत. पण सरांना नेलपॉलिशचं वावडं होतं. "खापराला कसला साजशृंगार?" म्हणायचे. त्यांची शाई उघडीच असायची. हे मला माहीत होतं. मीच नव्या मुलींना हसत हसत सांगायची. आणि तरी हात चालत राहिला, कारण हाताला सवय दुसरी होती. बेचाळीसही तुकडे वर्तमानपत्रावर वाळत घातले, तेव्हा पहिल्यांदा दिसलं की मागची बाजू कोरी आहे.

मी टबातलं पाणी फेकलं नाही. त्यात काय शोधत होते कोण जाणे. वही होती, पण वहीत नुसतं लिहिलेलं, इतके तुकडे चौथ्यातले, इतके सहाव्यातले. कुठले, ते खापरावरच. चित्रं फक्त भांड्याच्या काठाच्या तुकड्यांची काढतात, आणि हे सगळे पोटाकडचे तुकडे. दोष दुसऱ्या कुणाला द्यावा तर खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

डेटाबेसमध्ये थराचा रकाना भरल्याशिवाय नोंद पुढे सरकत नाही. समन्वयक बाईंना मी सगळं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "कुछ भी डाल दीजिए, बाद में सुधार लेंगे." मी फार आग्रह धरला तेव्हा त्यांनी यादीत 'अज्ञात' हा पर्याय घातला.

सरांना सांगायला गेले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. उलट म्हणाले, "रडतेस काय? मी हातात घेऊन सांगतो. माझी आहेत ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर टोटोतून, म्हणजे बॅटरीच्या रिक्षातून, विभागात आले. टेबलावर दोन ढीग लावले, डावीकडे चौथा, उजवीकडे सहावा. तुकडा नखानं वाजवायचे, कडेला बोट फिरवायचे, ठेवायचे. वहीतला आकडा तंतोतंत जुळला. मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. मी ढिगांचे फोटो घेतले आणि नोंदी भरायला बसले.

"थांब," सर म्हणाले. "आधी चहा सांग. मग मिसळ सगळे. दुबारा लावतो."

ही त्यांचीच पद्धत. विद्यार्थ्याला एकच ट्रे दोनदा लावायला द्यायचे, मध्ये सगळं मिसळून. दोन्ही वेळा ढीग तेच आले तरच त्याला येतं म्हणायचं. मी त्यात दोनदा नापास झाले होते.

"कशाला, सर? आकडा जुळलाय की."

"आकडा मला पाठ आहे गं. मिसळ."

मी मिसळले. दुसऱ्यांदा त्यांचा हात हळू चालला. कोपरा उडालेला एक मोठा तुकडा सकाळी सहाव्यात होता, तो चौथ्यात गेला. मग आणखी एक. मला काय वाटेल ते करून त्यांचा हात धरायचा होता आणि मी नुसती बसून होते.

"फोटो दाखव."

"सर, फोनची बॅटरी गेलीये."

त्यांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी फोन दिला. फोटो आणि टेबल, फोटो आणि टेबल, असं ते बराच वेळ बघत राहिले. मग फोन परत दिला.

"अज्ञात भर," म्हणाले. "बेचाळीसही."

"सर, सकाळचे ढीग बरोबर असतील. कुणाला काही कळणार नाही."

"मला कळेल ना. भर."

मी त्यांना घरी जा म्हटलं, ते उठले नाहीत. एकेक तुकडा ते देत होते, मी भरत होते. आणि दर वेळी माझ्या हातात देण्याआधी सर तो उलटा करून मागे काय लिहिलंय ते बघत होते.