मामांनी मोजलेलं घर

आमच्या मामेसासऱ्यांइतका बोलणारा माणूस अख्ख्या हैदराबादेत सापडायचा नाही, आणि स्वतःशीच इतकं बोलणारा तर देशात नसेल. इतरांचं मन बोलतं, मामांचं तोंड बोलतं. "आता मी उठायलो. चष्मा कुठं ठेवलो? हां, सापडला. आता खिडकीपाशी चाललो," असं जे पहाटे सुरू होतं ते "आता मी झोपायलो" पर्यंत चालतं, आणि पुढचं काम घोरणं सांभाळतं. पेपरातल्या मथळ्यांना ते उत्तरं देतात, किडक्या वांग्याला जाब विचारतात. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे डेहराडूनला गेले तेव्हा मी नव्या सुनेच्या अदबीनं त्यांच्या प्रत्येक वाक्याला "हो मामा, हो मामा" करत होते. दुसऱ्या दिवशी मामींना दया आली. म्हणाल्या, "तू काहून दमायलीस गं? ते तुला नाहीत बोलत. ते नुसतं चालू असतंय."

मामांचा दुसरा नाद मोजण्याचा. वाढले इथल्याच, हैदराबादच्या जामबागेत, पण जमीनमोजणीच्या सरकारी नोकरीत डेहराडूनला गेले आणि पस्तीस वर्षं तिकडचेच झाले. नोकरीत शिरल्यावर आधी स्वतःचं पाऊल किती इंचांचं ते शिकवतात म्हणे. मामा ते शिकले आणि मग थांबलेच नाहीत. आमच्या लग्नात त्यांनी मांडवाच्या खांबांमधलं अंतर पावलांनी मोजलं, एक खांब वीतभर सरकलाय हे सिद्ध केलं, आणि मांडववाला बिचारा जेवणाचं ताट टाकून खांब हलवायला गेला. "मोजलं नाही, ते आहे कशावरून?" असं ते विचारतात. याला उत्तर देऊन पाहा.

या दोन नादांची टक्कर मामींच्या डोळ्यांपायी झाली. काचबिंदूनं मामींची नजर हळूहळू गेली. आता खिडकीतला उजेड तेवढा कळतो. पण डेहराडूनच्या घरात त्या काठीशिवाय, भिंतीला हात न लावता हिंडायच्या. गेल्या वर्षी घरमालकानं ते घर पाडायला काढलं. इथं हैदराबादेत, चिक्कडपल्लीत आमच्याच डोक्यावरचा फ्लॅट रिकामा होता, म्हणून आम्ही त्यांना इकडे या म्हटलं. मामी फोनवर म्हणाल्या, "इथं मला घर दिसतंय. तिकडं आल्यावर मी आंधळी होईन." मागून मामांचा आवाज आला, "तेच घर तिकडं करून देतो मी. आता मी टेप शोधायलो."

सिकंदराबाद स्टेशनावर दोघं उतरली ती सात ट्रंका आणि नकाशाची एक भलीमोठी गुंडाळी घेऊन. नकाशात डेहराडूनचं घर होतं, मामींच्या पावलांत मोजलेलं. स्वतःच्या पावलात मोजायची चूक करायला मामा काही कच्चे नव्हते. मामींचं पाऊल वेगळं मापून घेतलं होतं. पलंगापासून बाथरूम अकरा पावलं, बाथरूमपासून स्वयंपाकघर नऊ, तिथून बाल्कनी सहा. आता चिक्कडपल्लीचा फ्लॅट बांधणाऱ्याला हे कुणी कळवलं नव्हतं. मग पलंग बेडरूमच्या बाहेर निघून हॉलच्या मध्यावर आला, कारण बाथरूमपासून अकरावं पाऊल तिथं पडत होतं. स्वयंपाकघर मात्र चारच पावलांवर निघालं. उरलेली पाच पावलं भरून काढायला मामांनी ट्रंकांची एक वाकडी गल्ली उभी केली. गॅसचा सिलिंडर आणणारा त्या गल्लीत शिरला आणि बाल्कनीत निघाला.

गल्ली तयार झाल्यावर चाचणी. डोळ्यांना पंचा बांधून मामा दिवसातून दहा वेळा चालून बघायचे, घरात आणि जिन्यातसुद्धा. एकदा वॉचमन माझ्याकडे धावत आला. "मॅडम, सार कू कुछ हुआ क्या? आँखां कू कपडा बांध को खंबे से टकरा रैं." मी म्हटलं, काही नाही, घर लावायलेत. त्यानं माझ्याकडेही त्याच नजरेनं पाहिलं.

एवढं करूनही मामी चुकायच्या, हे कोडं आम्हाला सुटेना. नकाशा बरोबर, पावलं बरोबर, तरी मामी भलतीकडे. एका सकाळी त्या उदबत्ती लावून, हात जोडून उभ्या राहिल्या आणि त्रिसरण-पंचशील सगळं म्हणून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की समोर वॉशिंग मशीन आहे. बुद्धाची मूर्ती राहिली होती पाठीमागे. मी सांगितलं तेव्हा "ऐकणाऱ्यानं मागूनही ऐकलं असंल," म्हणून त्या हसल्या, पण त्या दिवसापासून एकट्या उठेनाशा झाल्या. पाणी हवं तरी बसल्या जागी वाट पाहायच्या. मला फार अपराधी वाटायचं. या म्हणणारे आम्हीच होतो. मामा मात्र रोज फर्निचर चार इंच इकडे, दोन इंच तिकडे करायचे, त्यामुळे कालचं घरही आज राहत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यातला रविवार. मी आमटीचं पातेलं घेऊन वर गेले तर मामी गल्लीत मध्येच एका ट्रंकेवर बसलेल्या. मामा पलीकडे जमिनीवर, हातात टेप, ओठ घट्ट मिटलेले.

"अहो, कुठं हाव तुम्ही?" मामींनी विचारलं.

मामांनी हात वर करून एक बोट दाखवलं. थांब, आकडा चुकेल. हे बोट त्यांनी मामींना दाखवलं, ज्यांना खिडकीसुद्धा धड दिसत नाही.

चाहूल लागून मामी माझ्याकडे वळल्या. "सूनबाई, हे घरात असतेत का गं? तीन आठवडे झाले, माणसाच्या तोंडातून शब्द नाही. मला वाटायलं, माझ्यापायी इकडं यावं लागलं म्हणून रुसलेत."

"रुसंन कशाला?" मामा दचकून म्हणाले. "मोजायलो होतो. बोललं की आकडा चुकतो."

"कशाला मोजायलाव?"

"तुझ्यासाठीच की. तिकडं पलंगापासून बाथरूम अकरा पावलं..."

"मला काय ठाऊक अकरा का बारा? मी कधी मोजले?" मामी म्हणाल्या. "तिकडं तुमचं तोंड चालू असायचं. खिडकीपाशी चाललो, चहा ओतायलो. आवाज जिथून यायचा तिथं खिडकी, जिथून यायचा तिथं चूल. तुम्ही कुठं बसलाव ते कळलं की बाकीचं घर आपलं आपण लागायचं."

मामांच्या हातातला टेप सुटून कटकन आत गेला. पस्तीस वर्षं डोंगर मोजलेला माणूस अगदी बारीक आवाजात म्हणाला, "आता मी उठायलो."

मामी उठल्या आणि सरळ आवाजाच्या दिशेनं निघाल्या. दोन पावलांवर ट्रंक लागली. "आधी हा बाजार उचला," त्या म्हणाल्या.

बाजार त्याच दिवशी उठला आणि पलंग बेडरूममध्ये गेला. महिन्याभरात मामी घरभर फिरायला लागल्या, आणि वरून दिवसभर येणारी मामांची बडबड नको होऊन माझा नवरा खिडकी लावून घ्यायला लागला.

परवा मामांचा घसा बसला. डॉक्टरांनी चार दिवस बोलायचं नाही म्हणून बजावलं. तासाभरात मामा खाली आले आणि माझ्यापुढे चिठ्ठी धरली: "वर येऊन माझं बोलशील का?" मी रजा टाकली आणि चार दिवस मामांच्या मागं मागं फिरले. "आता मामा उठले. आता चष्मा शोधतायत." मामी आतून विचारायच्या, "सापडला का?"

आवाज आता परत आलाय, पण पूर्वीचा नाही. मध्येच विरतो, छतातून नीट ऐकू येत नाही. नवरा हल्ली खिडकी लावत नाही. सकाळी आम्ही दोघं चहाचे कप हातात धरून वर कान लावून बसतो, आणि "आता मी उठायलो" ऐकू येईपर्यंत कुणीही कपाला तोंड लावत नाही.