वाटीतला दात

फोन आला तेव्हा मी तिरोड्यात, मावशीच्या अंगणात, माझ्या लेकीचा, मैत्रीचा, हलणारा दुधाचा दात बोटानं चाचपत होते. पुण्याहून कुणी सांगत होतं, सुषमाताई प्रयोगशाळेत उभ्या उभ्या कोसळली, मेंदूतली शीर फुटली, गेली. मी म्हणत राहिले, "नाही हो, ती शनिवारी येणार आहे." महिना उलटला, तरी मनात आधी तेच येतं... शनिवारी येणार आहे. धडधाकट बाई, सकाळी आईशी फोनवर भांडते आणि दुपारी नसते? असं कुठं असतं?

ताई माझी मावसबहीण, याच मावशीची लेक. आमच्या घराण्यात दात पिवळे, खरबरीत येतात; वरचं इनॅमल नीट धरतच नाही. तिला तसे, मला तसे, आता लेकीलाही. शाळेत आम्ही दोघी ओढणी तोंडाला लावून हसायचो. मी तशीच राहिले. ताईला मात्र राग आला, आणि त्या रागावरच ती शिकत गेली. मैत्रीनं हसताना तोंडावर हात नेला, की ताई तो धरून खाली घ्यायची. "हिच्यापुरतं तरी..." म्हणायची आणि थांबायची.

काय करतेस गं तिथं, विचारलं की रोवण्याचं, म्हणजे भातलावणीचं, उदाहरण द्यायची. भाताच्या बांधीत एक बाई हाक देते, दुसरी ओ देते, तेव्हा ओळ सरकते. दात घडतानाही आतल्या पेशी हाक देतात, बाहेरच्या ओ देतात. त्यावरून कोवळ्या पेशींना कळतं, की आपण इनॅमल करायचं. दात हिरडीबाहेर आला की ते करणाऱ्या पेशी मरतात, म्हणून इनॅमल पुन्हा येत नाही. पण दुधाच्या दाताच्या आत मूलपेशी जिवंत असतात. त्यांना तीच हाक, त्याच क्रमानं द्यायची, एवढाच तिला ध्यास.

म्हणून तिला मैत्रीचा दात हवा होता. मावशी आधी चिडलीच. पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून छपराच्या कवेलूवर फेकायचा, नाहीतर नवा येत नाही, हे तिचं शास्त्र. ताईनं बजावलं, फेकू नको, पडला की दुधात ठेव, मी येऊन नेते.

ताईला स्मशानात पोचवून आम्ही घरी आलो आणि त्याच संध्याकाळी दात पडला. मावशी उठली, वाटीत दूध घेतलं, त्यात दात टाकला आणि वाटी फ्रिजमध्ये ठेवली. तेव्हापासून रोज सकाळी ती दूध बदलते. परवा मी वैतागलेच. म्हटलं, "मावशी, कायले दूध नासवून राहिली? आता त्यात काही जित्तं नाही."

"मले का समजत नाही?" मावशी म्हणाली. "पण मी तो कवेलूवर फेकला, तं तिचं येणं संपलं म्हणून समज."

मी फ्रिजमधून वाटी काढली. तेवढ्यात मैत्री आली, नवा दात दाखवायला. हिरडीतून टोक आलंय... पिवळंच. माझ्याकडे बघून ती हसली आणि हात तोंडावर नेला. मावशीनं तो धरून खाली घेतला. मी वाटी विसळली आणि ताजं दूध ओतलं.