आमच्या ह्यांचा शेवटचा हात

आमचे हे गाड्या रंगवतात. गल्लीत सगळे त्यांना 'अजून-थोडं' म्हणतात, आणि हे त्यांनाही ठाऊक आहे. चहात साखर ढवळायची, अजून थोडी. दाढी करायची, अजून थोडी. गालावर कापसाचा बोळा चिकटल्याशिवाय त्यांची दाढी पुरी होत नाही. लग्न जमवताना माझ्या आईने विचारलं होतं, "मुलगा कामाला कसा आहे?" मधला माणूस म्हणाला, "एकदा हातात घेतलं की सोडत नाही." आई खूश झाली. हाच त्यांचा रोग आहे हे आम्हाला नंतर कळलं.

गाडी रंगवायची म्हणजे रंग मारणं हे अगदी शेवटचं काम. आधी पोचे काढायचे, पुट्टी भरायची, वर करडा प्रायमर मारायचा, आणि मग पॉलिशपेपर घेऊन तो गुळगुळीत होईपर्यंत घासत बसायचं. आळशी माणूस इथे लवकर उठतो आणि फसतो. आमचे हे उठतच नाहीत आणि फसतात. "शेवटचा एक हात फिरवतो," म्हणतात, आणि त्या शेवटच्या हातात कडेचा प्रायमर निघून खालचा पत्रा चकाकायला लागतो.

मागे एका दुकानदाराच्या गाडीवर असेच चट्टे पडले, आणि तो तर गाडी न्यायला दारात उभा. ह्यांनी लाजेपोटी कुणाला न सांगता वरून रंग मारून टाकला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण झाकलेला चट्टा कवडीचाही नसतो. महिनाभरात ते चट्टे रंगातून वर आले, टेबलावर ओल्या पेल्याचे डाग उठावेत तसे गोल गोल. दुकानदार गाडी घेऊन आला आणि भर गल्लीत वाट्टेल ते बोलला. ह्यांनी ती पुन्हा रंगवून दिली, रंग फवारायची गन जुन्या बनियनमध्ये गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. तेव्हापासून दुसऱ्या पेंटरांच्या गाड्या नुसत्या घासून द्यायचे. जेवताना मान वर करत नसत. मला भीती वाटायची. हा माणूस गनबरोबर स्वतःलाही माळ्यावर टाकून बसला होता.

मग आमची लेक आली. ती लोकांना गाडी चालवायला शिकवते. शिकाऊंनी चारी बाजूंनी खरवडलेली गाडी तिने दारात लावली. "बाबा, रंगवायची तर तुम्हीच. नाहीतर मी अशीच फिरवीन, आणि जो भेटेल त्याला सांगेन की माझे बाबा पेंटर आहेत."

बापाची लेक शोभते खरी. गन खाली आली. बनियन मात्र ह्यांनी खुंटीला अडकवून ठेवलं, काम झालं की परत गुंडाळायला.

प्रायमर छान बसला. घासणं सुरू झालं. एका दुपारी मी चहा घेऊन गेले तर गाडी भिंतीला खेटून उभी. आमच्याकडे गाडी नेहमी मधोमध असते, चहूबाजूंनी फिरता यावं म्हणून. मी अंग चोरून भिंतीकडच्या बाजूला शिरले. दारावरच्या आडव्या घडीवर आणि बॉनेटच्या कडेला पत्रा लख्ख उघडा पडला होता. हे उपड्या बादलीवर बसून होते.

"पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"पोरीला सांग, दुसरीकडे ने म्हणावं. मला नाही जमणार आता."

"तुमची तुम्हीच सांगा. आणि त्या पत्र्यावरचा हात आधी काढा. घाम लागला तर गंजेल."

हा त्यांचाच धडा, आयुष्यभर मला ऐकवलेला. त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. तेव्हा माझ्या जिवात जीव आला. त्यांच्यातला पेंटर अजून होता.

त्यांनी लेकीला हाक मारली. गाडी ढकलून मधोमध आणली आणि स्वतःच्या बोटाने एकेक चट्टा दाखवला. "हे बघ. मी जास्त घासलं."

"बरं, मग आता?" ती म्हणाली.

"मग काय! आता रडत बसायचं नाही. चट्ट्यांच्या कडा घासून उतरत्या करायच्या, पुसून कोरडं करायचं, उघड्या पत्र्याला त्याचा वेगळा प्रायमर द्यायचा. वर आपला करडा, पातळ पातळ. पहिला वाळल्याशिवाय दुसरा नाही." बोलता बोलता ते उठून उभे राहिले होते.

तसंच केलं. आता राहिलं शेवटचं हलकं घासणं. मी पॉलिशपेपरचं पाकीट घेतलं, स्टुलावर ठेवलं आणि त्यावर ठाण मांडलं. एक तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. "दुसरा हवा असेल तर आधी मला उठवा."

"ते कुणाच्या बापाला जमायचं नाही," हे म्हणाले. लेक खिदळली. कितीतरी दिवसांनी ह्यांनी चेष्टा केली होती, म्हणून मी रागावले नाही.

दाराच्या घडीवरून त्यांनी पेपर फिरवला, फडक्याने पुसलं, वाकून पाहिलं. हात पुन्हा घडीकडे गेला. मी स्टुलावर आणखी घट्ट बसले. हात तसाच थांबला, मग खाली आला.

"झालं," हे म्हणाले.

लग्नापासून हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

रंग मारला, गाडी गेली. पण चट्टे वर यायचे तर वेळाने येतात, म्हणून माझा जीव टांगणीला लागलेलाच होता. महिना उलटल्यावर लेक गाडी घेऊन आली. ह्यांनी ती उन्हात उभी करवली, चष्मा लावला आणि पत्र्याला नाक लावून शोधत राहिले. "कुठे होते गं नेमके?" मी दारावर बोट ठेवलं. लेक म्हणाली, "आई, इथे नाही, खाली." हे म्हणाले, "दोघी चुकताय," आणि त्यांनाही जागा दाखवता येईना. शेवटी बादलीवर बसून ठसका लागेपर्यंत हसले. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच, उन्हात, डोळ्याला पदर लावला.

"अगं," ते म्हणाले, "ते खुंटीवरचं बनियन धुऊन ठेव. गन काही आता गुंडाळायची नाही."

मी काही धुतलं नाही. घरात गेले आणि फाडून त्याची फडकी केली, पुढच्या गाडीला.