दात आवळू नका

आमच्या शेजारणीला सगळं रुग्णालय टोपीवाली म्हणतं. टोप्या विकत नाही ती. लोकांच्या डोक्यावर वायरींची टोपी चढवते, केसांत थंडगार लेप भरते आणि मेंदूच्या लहरी पडद्यावर उमटवते. वीस वर्षं हेच. आलेल्या प्रत्येकाला तिचं एकच सांगणं, "दात आवळू नका, जबडा सैल सोडा." कारण मेंदूच्या लहरी असतात नाजूक आणि जबड्याचे स्नायू दांडगे, दात आवळले की पडद्यावर नुसता काळा गिचमिडकाला.

हीच बाई महिन्यातले दोन दिवस कोटाच्या आत गरम पाण्याची पिशवी बांधून उभी असते. चेहऱ्यावर आठी नाही. कुणी विचारलंच तर, "काही नाही हो, जरासं." घरी सासूबाईंचं ठरलेलं, "आम्हाला नव्हती का पाळी? मनाचे खेळ सगळे!" ऐकून ऐकून बिचारीलाच शंका यायला लागली होती: खरंच दुखतं, की आपणच नाटकी?

म्हणून पाळीच्या दुखण्यात मेंदू काय करतो हे शोधणारी एक तरुण डॉक्टरीण आली, तेव्हा हिने पहिलं नाव स्वतःचं दिलं. साध्या दिवशी एकदा मोजायचं, दुखत्या दिवशी एकदा. माझ्या कानात म्हणाली, "आलेखाचा कागद आणते आणि आईंच्या चहाच्या कपाखाली ठेवते. मग बघू!"

साधा दिवस सुरळीत गेला. दुखत्या दिवशी टोपी चढली, बाई खुर्चीत मूर्तीसारखी बसली, आणि पडद्यावर गिचमिडकाला!

"ताई, दात आवळलेत तुम्ही."

"मी? छे! मीच तर सगळ्यांना सांगते."

"गालाला हात लावून बघा."

लावला. दगड! वीस वर्षं 'काही नाही हो' म्हणणारा तो हसरा चेहरा जबड्याने तोलून धरला होता, आणि मालकिणीला पत्ताच नाही.

"सोडू कशी? सोडलं तर ओरडेन."

"मग आधी ओरडून घ्या. नंतर मोजू."

टोपीवालीने असं काही "आई गं!" ठोकलं की बाहेर रांगेतले एक आजोबा तपासणी न करताच घरी गेले म्हणे. मी थोडं वाढवून सांगतेय, पण थोडंच.

मग आलेख स्वच्छ निघाला. "दिसतंय ना? खरंच दुखतं ना मला?"

"पुष्कळ जणींचे आलेख एकत्र पाहिले तर काही फरक सापडेलही," डॉक्टरीण म्हणाली. "पण तुम्हाला किती दुखतं ते या रेघा नाही सांगत, ताई. ते तुम्हीच सांगायचं." आणि तिने एक कागद पुढे केला: शून्य ते दहा, खूण करा.

हिने सवयीने तीनवर पेन टेकवलं. थांबली. गाल चाचपला. आठवर खूण केली.

संध्याकाळी सासूबाईंच्या कपाखाली तोच कागद. मी साखर मागायला म्हणून गेले होते, ती हललेच नाही. सासूबाईंनी चष्मा लावला.

"हे मशीनने सांगितलं?"

"नाही आई. मी सांगितलं."

चहावर साय धरली. मला वाटलं, आता उडतो भडका.

"आठ?" सासूबाई म्हणाल्या. "माझं नऊ असायचं. मला कुणी विचारलंच नाही. आण इकडे ते पेन."