डबा रिकामा पाठवू नये

आमच्या घरातून वस्तू नाहीशा व्हायला लागल्या तेव्हा कुवेतमधल्या महबूलातली आमची इमारत निम्मी रिकामी झाली होती. जिन्यात कुणाच्या ना कुणाच्या गाद्या उभ्या करून ठेवलेल्या असायच्या. खाली विकायला काढलेल्या गाड्यांवर धुळीचा एवढा थर बसला होता की मुलं त्यावर बोटानं चित्रं काढायची. एकाच कंपनीतली माणसं एकापाठोपाठ एक गावी परत चालली होती, आणि माझा नवरा त्याच कंपनीत इंजिनीयर होता. पगाराचं विचारलं की ऑफिसातून एकच उत्तर मिळायचं, बुक्रा इन्शाल्ला. उद्या. तो उद्या कित्येक महिने उजाडला नव्हता.

आज सगळं कळलेलं असताना लिहिते आहे, म्हणून उगाच लपवाछपवी करत नाही. तिसरीत शिकणाऱ्या माझ्या मुलीचं शाळेच्या कॅन्टीनचं कार्ड तेव्हा रिकामं होतं आणि तिला शाळेत जेवणाचं ताट मिळत नव्हतं. नवऱ्याला ते ठाऊक होतं, शाळेला ठाऊक होतं, तिच्या अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं. फक्त मला नव्हतं.

मी एका नर्सरीत नोकरी करते. उजाडायच्या आत घरातून निघावं लागतं, त्यामुळे डब्याऐवजी शाळेतलं गरम जेवण लावलं होतं. काउंटरवर कार्ड टेकवायचं, हिरवा दिवा लागला की ताट मिळतं. पैसे संपले असले की लाल दिवा लागतो आणि मशीन लांबलचक टीं करतं. लाल दिव्याच्या मुलांनी भिंतीशी उभं राहायचं. बाकीच्यांची ताटं वाढून झाली की त्यांना चीज लावलेला पाव मिळतो, कागदात गुंडाळून. ताट नाही. हातात कागद दिसला की कोणाच्या बापानं पैसे भरले नाहीत ते सगळ्यांना दिसतं. ही व्यवस्था कुठल्या शहाण्याला सुचली देव जाणे. बापाची थकबाकी पोराच्या हातात द्यायची आणि वर म्हणायचं, आमच्याकडे कुणी उपाशी राहत नाही. माझी मुलगी तो पाव घ्यायचीच नाही.

मला दिसत होतं ते वेगळंच. मायक्रोवेव्ह वाजला की ती दोन्ही कानांवर हात ठेवायची. बकाल्यात, म्हणजे खालच्या किराणा दुकानात, सामान मशीनवर लावायची वेळ आली की ही दाराबाहेर जाऊन पाठमोरी उभी राहायची. माझ्या सुट्टीच्या एका सकाळी मी तिला बसपर्यंत पोचवायला गेले. तेव्हा ती बसमध्ये चढल्या चढल्या मागच्या सीटवरून कुणीतरी तोंडानं टीं केलं आणि बाकीची पोरं हसली. मला वाटलं, असेल पोरांचा कसला तरी खेळ. ती मात्र मान खाली घालून ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसली. काय गं झालं, असं संध्याकाळी विचारलं तर म्हणाली, "नथिंग, मम्मा." आमच्या मुलांचं इंग्रजी असल्या वेळी फार कामाला येतं.

मग वस्तू जायला लागल्या. आधी तिचं शार्पनर गेलं, मग केसांच्या पिना, मग फ्रिजवरचं नाशिकहून आणलेलं घंटेच्या आकाराचं मॅग्नेट. पोरांच्या वस्तू हरवतात, त्यात काय. मग देव्हाऱ्यातली चंदनाची छोटी डबी गेली. मी इमारतीच्या राखणदाराला विचारलं, कुणी घरात आलं होतं का. नाही म्हणाला. दाराचं कुलूप बदलून घेतलं. तरी वस्तू जातच राहिल्या, म्हणजे नेणारा हात घरातलाच होता.

मग माझ्या डोक्यात नको नको ते यायला लागलं. शाळेत कुणी मोठा मुलगा हिला धमकावून वस्तू मागवत असेल. किंवा बसमध्ये कुणी. त्यापुढे विचार करायला माझी छाती होत नव्हती. मी तिचं दप्तर रोज उपसायचे आणि त्यात काही सापडायचं नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो माझ्याकडे न बघता म्हणाला की पोरांच्यात चालायचंच. एरवी मुलीला साधी सर्दी झाली तरी घर डोक्यावर घेणारा हा माणूस एवढा शांत कसा, याचीच मला जास्त भीती वाटली.

त्या आठवड्यात बाहेर धुळीचं वादळ होतं. आकाश पिवळं, खिडक्यांच्या फटींना ओली फडकी लावलेली. ती शाळेतून आली, दारात बूट काढायला वाकली, आणि मला तिचा उजवा कान रिकामा दिसला. माझ्या आईनं बारशाला घातलेले सोन्याचे डूल होते ते. मी तिला धरून विचारलं, कुणी काढून घेतला, तुला कुणी हात लावला का, खरं सांग. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. रडलीसुद्धा नाही. आठ वर्षांच्या पोरीला इतकं घट्ट गप्प राहता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

मी शाळेत जायला चप्पल घालतच होते, एवढ्यात बेल वाजली. दारात शेजारच्या इमारतीतल्या भाभी उभ्या होत्या. मूळच्या रत्नागिरीच्या, नवऱ्याचं मोबाइलचं दुकान, मुलगी आमच्या मुलीच्याच वर्गात. आमची ओळख बस थांब्यावर बोलण्यापुरती. डोक्यावरच्या ओढणीत धूळ भरलेली, आणि हातात स्टीलचा डबा.

त्यांनी तो माझ्यासमोर टेबलावर उघडला. शार्पनर, पिना, मॅग्नेट, चंदनाची डबी, आणि सगळ्यात वर एका टिश्यूच्या घडीत डूल.

"ताई, तुमच्या पोरीनं रोज काय ना काय ठेवलान डब्यात," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, पोरी-पोरींचा खेळ असंल. पण आज सोनं निघालं, नि माझ्या जिवाचं पाणी झालं."

मी विचारलं, कुठल्या डब्यात. त्यांना वाटलं होतं, मला माहीत आहे. मग हळूहळू, माझा हात धरून, त्यांनीच मला लाल दिव्याचं सांगितलं, भिंतीचं सांगितलं, कागदातल्या पावाचं सांगितलं. त्यांची मुलगी माझ्या मुलीला आपल्या डब्यातलं द्यायची. ते कळल्यापासून भाभी दोघींपुरतं भरत होत्या. आमच्यात मंगळवारी मटण-अंडं चालत नाही हेही मुलीकडून विचारून घेतलेलं, म्हणून त्या दिवशी घावने नि चटणी. मला आधी सांगायला का आला नाहीत, असं विचारलं तर म्हणाल्या, तुम्हाला वाईट वाटंल म्हणून पाय उचलला नाही. इतके दिवस माझ्या मनात जे काळंबेरं येत होतं त्यातलं काहीच नव्हतं, हे ऐकून मला रडू फुटलं. पण जे होतं ते काही कमी नव्हतं.

मुलगी पडद्याच्या कडेला उभी राहून ऐकत होती. भाभी गेल्यावर मी तिला जवळ घेतलं आणि वस्तू का ठेवल्यास म्हणून विचारलं. तिला माझा प्रश्नच कळला नाही.

"तूच सांगतेस ना," ती म्हणाली, "दुसऱ्यांचा डबा एम्प्टी द्यायचा नाही."

खरंच सांगते मी. माझ्या आईनं मला सांगितलं, तिला तिच्या आईनं. शेजारणीचं भांडं रिकामं परत करू नये, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालावी. पोरीला शाळेत साखर कुठून मिळणार? होतं नव्हतं ते तिनं घातलं, आणि ते संपलं तेव्हा कानातलं काढलं.

मला का सांगितलं नाहीस, तेही विचारलं. पप्पांनी सांगितलं होतं, मम्माला बोलू नकोस, दोन दिवसांत कार्ड भरतो.

नवरा आला तेव्हा मी डबा तसाच टेबलावर ठेवला होता. तो बघून तो खुर्चीच्या कडेवर बसला. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण चढला आवाज माझाच होता. गावी सगळ्यांना वाटतं, कुवेतला इंजिनीयर म्हणजे घरी सोन्याचा धूर. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्याचं आवडतं वाक्य. मी म्हटलं, मूठ तू झाकलीस, पण उभी भिंतीशी पोर राहिली. तो एवढंच म्हणाला, "मला वाटलं, पगार होईल." मला त्याची दया आली आणि तरीही मी त्याला माफ केलं नाही. अजून पूर्ण केलेलं नाही.

माझ्या पगारातून मी दुसऱ्याच दिवशी कार्ड भरलं. हिरवा दिवा लागेल, मी स्वतः बघून आले आहे, असं तिला परोपरीनं सांगितलं. ती काउंटरपाशी जायलाच तयार नव्हती. मग मी आणखी लवकर उठायला लागले. पोळी, बटाट्याची भाजी, गुळाचा खडा. डूल दोन्ही काढून कपाटात ठेवले. डबा तिच्या हातात देताना म्हटलं, हा आपला स्वतःचा डबा आहे, सगळा संपव.

दुपारी ती आली. रोजच्यासारखा डबा दप्तरात न ठेवता तिनं तो हातात धरला होता, आणि ओट्यावर माझ्यासमोर ठेवला. भाजीचा डागसुद्धा नव्हता. शाळेच्या नळावर धुऊन, टिश्यूनं पुसून आणलेला. मी उघडला तर आत तिचं गुलाबी खोडरबर होतं.

मी म्हटलं, हे काय गं, हे कुणासाठी?

ती बूट काढत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्यासाठी. तुझा पण डबा आहे ना."