आणखी एक टेस्ट

लातुरात क्लासमध्ये शिकवणाऱ्या आम्हा तिघांनी एक खूळ डोक्यात घेतलं होतं. संगणकावरचं मराठी मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्राम बनवायचा आणि अंधांना फुकट द्यायचा. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला कुणी सांगावं लागत नाही.

आमच्यातल्या किल्लारीच्या सरांना मात्र कारण होतं. त्यांच्या बहिणीची दृष्टी गेली होती आणि सरकारी नोकरीच्या परीक्षेला वयाच्या अटीत बसायचं तिचं हे शेवटचं वर्ष. सर गावी जाऊन वाचून दाखवत, तेवढाच तिचा अभ्यास.

प्रोग्रामचा आवाज आमच्यातले तिसरे, फिजिक्सचे सर बनवत. सगळं जुळायचं त्यांच्याच कॉम्प्युटरवर. बाहेर कधी सोडायचं, हेही आम्ही त्यांच्यावरच सोपवलेलं. त्यांनी प्रोग्रामला क्लासमधल्या पोरासारखंच वागवलं. रविवारी पोरांची टेस्ट संपली की याची टेस्ट. जोडाक्षर अडखळलं की मार्क कापले. पैकीच्या पैकी पडल्याशिवाय सोडायचं नाही. आमच्या गावाला टेस्टचं वेडच आहे.

"सर, भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडात ऱ्हायलो," किल्लारीचे सर म्हणाले. "लई तापायचं. पण पक्कं घर होईस्तोवर उघड्यावर बसा, असं कुणी म्हणलं न्हाई. घरापुरती एक कॉपी तरी द्या."

"एकदा बाहेर गेली की गावभर होते. आन् तुमची बहीण चुकीचं ऐकून चुकीचंच पाठ करील, त्याचं काय?" फिजिक्सचे सर म्हणाले.

मी चिडलो, वाट्टेल ते बोललो. "मग दुसरा माणूस बघा," फिजिक्सचे सर शांतपणे म्हणाले. दुसरा होता कुठे? फुकटच्या कामात माणसावर सक्ती करता येत नाही. आम्ही मुकाट्यानं पुढच्या रविवारची वाट बघू लागलो.

परीक्षा होऊन गेली. ती नापास झाली. किल्लारीचे सर आमच्याकडे यायचे बंद झाले, आणि त्यानंतर प्रोग्रामला पैकीच्या पैकी पडले आणि तो बाहेर गेला. परगावच्या लोकांनी अभिनंदन कळवलं. मला ते वाचवेना.

सीडी घेऊन मीच जीपनं किल्लारीला गेलो. सर घरात होते, पण उठले नाहीत. बहिणीनं पानभर मजकूर शेवटपर्यंत ऐकला. एकही अक्षर अडखळलं नाही.

"लई साफ वाचतंय सर," ती म्हणाली. "पर आता मी वाचून करू काय?"